डाव्या फेराची तार

हिंगोलीच्या आठवडी बाजारात माणसं काय काय हुंगतात ते गोजरला पाठ होतं. खरबूज हुंगतात, तूप हुंगतात, तंबाखू तर हुंगून हुंगून अर्धी नाकातच जिरवतात. पण लोखंड हुंगणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

भंगारवाल्याच्या तरटासमोर तो उकिडवा बसला होता. अंगात खाकी सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. समोर मोडक्या कुलपांचा, कंदिलांचा आणि तारांच्या गुंत्यांचा ढीग. त्यातून विटेएवढा लोखंडी ठोकळा उचलायचा, तळहातावर तोलायचा, मग नाकापाशी नेऊन डोळे मिटायचे आणि लांब श्वास घ्यायचा... मान हलवायची आणि खाली ठेवायचा. पुन्हा दुसरा.

गोजर समोरच लोकरीच्या पोत्याला टेकून बसली होती. बाप पुंजाजी चहा प्यायला गेला होता. तिसऱ्या ठोकळ्याला तिला राहवलं नाही. पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच.

त्यानं डोळे उघडले.

"काहून हसून राहिली वं बाई?"

"हसू न्हाई तर काय करू? लोखंडाला वास असतो व्हय?"

"असतो की. हे घे, हुंग."

"मी न्हाई हुंगत!"

"चावत न्हाई ते."

चारचौघांसमोर काय हा आगाऊपणा—पण हात पुढे गेला होता तिचा. ठोकळा जड निघाला. तिनं नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं.

"करपलंय. उतू गेलेल्या दुधावाणी."

"बराबर!" तो असा खुलला, जणू तिनं त्याच्या परीक्षेत पहिला नंबर काढला. "म्हंजे आतली तार जळाली. वरून किती बी चकचकीत असू दे, जळाल्याचा वास जात न्हाई. ट्रान्सफॉर्मर म्हणतात ह्याला. मेलेला हाय. मी जिता शोधून राहिलो."

"कवापासून?"

"चार महिने. नांदेड झालं, आखाडा बाळापूर झालं, हैद्राबादचा जुना बाजार दोन डाव पालथा घातला."

"आमच्यात पोरीला स्थळ बघायला बी कोणी येवढं हिंडत न्हाई."

"स्थळ कसं बी निभून जातं. ट्रान्सफॉर्मर वाईट निघाला तर निभत न्हाई."

गोजर पुन्हा हसली. तोही हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त बारीक व्हायचा... तेवढं कशाला बघायला हवं होतं, पण बघितलं गेलं.

तेवढ्यात पुंजाजी आला. त्या माणसानं उठून रामराम घातला, "मामा" म्हणाला. पुंजाजीनं त्याला खालून वर पाहिलं आणि आपल्या लोकांत विचारतात ते सगळं विचारून घेतलं: गाव कोणतं, कोणाचा, आजोळ कुठलं, मेंढरं किती. उत्तरं सरळ आली. नाव मल्हारी. गाव पुसेगाव. घर मेंढरांचंच, पण माय लहानपणीच गेली, बाप साथीत गेला, कळप भावकीत वाटला गेला. मग तो पलटणीत भरती झाला. तिथं तारायंत्राचं काम शिकला, ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला. लढाई संपून वर्ष झालं होतं. आता तो हिंगोलीतल्या एका जिनिंगच्या इंजिनावर होता.

"अन् हे लोखंड कशाला?" पुंजाजीनं विचारलं.

"गाण्यासाठी, मामा."

पुंजाजीनं लेकीकडे पाहिलं. लेक पोत्याकडे बघत होती.

मल्हारीनं तो करपलेला ठोकळा तरीही घेतला, आतल्या पत्र्या कामाला येतील म्हणून. जायला निघाला आणि थांबला. पोत्यावर सुताचा एक गुंडा ठेवला होता, गिऱ्हाइकाला दाखवायला. त्यानं त्यातला धागा दोन बोटांत धरला आणि हळूहळू ओढत नेला, वीतभर, हातभर, दोन हात...

"कुठंच जाड न्हाई, कुठंच बारीक न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "हात कोणाचा?"

"आमच्या गोजरचा," पुंजाजी म्हणाला. आवाजात जरा तोरा होता.

मल्हारीनं गोजरच्या हातांकडे पाहिलं. नुसतं नाही, ठोकळा तोलावा तसं. गोजरनं दोन्ही हात पदराखाली घेतले. आत बोटं मात्र गरम झाली होती.

चौथ्या दिवशी तो कयाधू ओलांडून वाडीवर हजर. नदीला गुडघाभर पाणी होतं, धोतर वर खोचलेलं, डोक्यावर गाठोडं. वरून भुरभुर पाऊस. सत्यभामाबाई, म्हणजे गोजरची माय, ओसरीवर लोकर पिंजत होती.

"मामी, एक काम आणलंय."

"पहिल्याच दिवशी मामी? बस बाबा, बस. काम सांग."

गाठोड्यातून त्यानं एक रीळ काढलं. त्यावरची तार केसासारखी, उन्हात धरली तर तांबूस दिसायची, सावलीत दिसायचीच नाही. पलटणीच्या मोडीत निघालेल्या यंत्रातली, जपून उलगडून ठेवलेली. जिता ट्रान्सफॉर्मर मिळेना, म्हणून तो आता घरीच बनवायचा होता. ती तार एका पुठ्ठ्याच्या चौकटीवर गुंडाळायची होती, फेराला फेर लागून, एकावर एक न चढू देता. एक थर झाला की वर पतंगाचा पातळ कागद, मग दुसरा थर. असे दीड हजार फेर. मग मध्ये जाड तारेचे थोडे फेर, आणि वर पुन्हा केसासारखे दीड हजार.

"तयार मिळतात त्यात असं मधोमध घालत न्हाईत," तो सांगत होता. "घाईनं भरतात. मग बारीक आवाज आतच मरतो. सगळं कसं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं येतं."

"मग तुमीच गुंडाळा की," गोजर म्हणाली.

त्यानं हात पुढे केले. इंजिनाचे हात ते. बोटं जाड, नखांत तेल.

"तीन डाव तुटली. आता येवढीच उरली. ही गेली तर संपलं."

"अन् आमच्या पोरीनं तोडली तर?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"तर मी म्हणीन, माझ्या हातूनच तुटली."

सत्यभामाबाईनं पिंजण खाली ठेवलं. असं उत्तर देणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. "हे बघ, काम व्हईल. पण भर दिवसा, ह्याच ओसरीवर, माझ्या डोळ्यांम्होरं."

"मी तरी दुसरं काय म्हणून राहिलो?" मल्हारी म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

लोकरीच्या चरख्याच्या चातीवर ती पुठ्ठ्याची चौकट बसवली. एका हातानं चाक, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तार. पहिल्या दहा फेरांत गोजरला तिचा स्वभाव कळला. लोकर ओढली तर लांबते, ही रुसते. हिला ओढायचं नाही, नुसतं जाऊ द्यायचं.

मोजायचं कसं? गोजर काही शाळेत गेली नव्हती. पण कळप मोजायला कोण शाळेत जातं! विसा-विसानं मोजायचं, वीस झाले की ज्वारीचा एक दाणा ओटीत. पंचाहत्तर दाणे झाले की दीड हजार. मल्हारीनं बोटावर हिशेब करून पाहिला आणि मान डोलावली.

"पण मोजताना बोलायचं न्हाई," गोजरनं बजावलं. "आकडा चुकतो."

"मग कवा बोलायचं?"

"दाणा टाकला की. एक बोल. मग पुन्हा गप्प."

असं त्यांचं बोलणं सुरू झालं. चाक फिरायचं, तार सरसर जायची, ओसरीच्या वळचणीतून थेंब पडायचे. अठरा, एकोणीस, वीस. दाणा.

"त्या इंजिनावर एकटेच असता?"

वीस फेर.

"एकटाच. इंजिन बोलतं, पण आपलं ऐकत न्हाई."

वीस फेर.

"माय बी असंच म्हणते बापाला."

सत्यभामाबाईनं ऐकलं न ऐकलं केलं. मल्हारी हसू दाबायला गेला आणि खोकला.

"थुंकी उडाली तारेवर!"

"हा तुझा बोल झाला. आता वीस फेर गप्प बस."

विसा-विसाला एक असं करत त्यानं ब्रह्मदेश सांगितला. तिथं तो तापानं दवाखान्याच्या तंबूत पडला होता. शेजारच्या तंबूत एक साहेब होता, त्यानं फावल्या वेळात स्वतःच एक मशीन बनवलं होतं. काचेचे दिवे, व्हॉल्व म्हणतात त्यांना, चुलीतल्या निखाऱ्यासारखे लालसर पेटायचे. त्यावर तो गाण्याची तबकडी लावायचा. "बाई गाते तवा गाण्याच्या आधी श्वास घेते बघ... तो श्वास आला ऐकू. मला वाटलं, कोणी तरी उशाशी येऊन बसलं. तवापासून तसंच मशीन जुळवून राहिलो."

एवढं सांगायला त्याला नऊ दाणे लागले. दहाव्या दाण्याला गोजरनं आपला बोल तसाच जाऊ दिला.

पहिला अर्धा भाग तीन दिवसांत झाला. मधली जाड तार मल्हारीनं स्वतः एका दुपारी गुंडाळली, ओठ दातांत धरून. गोजर बाजूला बसून कागद कापून देत होती. काम संपलं तेव्हा त्यानं खिशातून एक पत्र काढलं, घडी मोडली, पुन्हा घातली.

"काय हाय?"

"हैद्राबादच्या रेडिओ दुकानाचं बोलावणं. पक्कं काम देतो म्हणतात."

गोजरच्या हातातली कातर थांबली. "मग जाणार?"

"दसऱ्यावर हाय." मग त्यानं सगळं सांगितलं. दसऱ्याच्या जत्रेतल्या रामलीलेची व्यवस्था जिनिंगचे मालक गोपीचंद शेठ पाहायचे. मागल्या साली त्यांनी बाहेरून भोंगा आणवला होता. त्यातून राम, रावण आणि सीता तिघंही एकाच आवाजात बोलले. लोक हसून लोळले. यंदा शेठजींनी मल्हारीला सांगितलं होतं: तुझं मशीन खंडेनवमीला ऐकव. आवाज खरा आला तर रामलीला तुझी, आणि बारा महिने इथंच ठेवून घेतो, भोंग्याचं सगळं काम तुझ्याकडं. नाही आला तर जत्रेत भोंगाच नको.

"जिनिंग हंगामापुरतं चालतं," मल्हारी म्हणाला. "मशीन न्हाई बोललं तर एकादशीला मी गाडीत. मग कुठली हिंगोली..." आणि त्यानं पत्र खिशात ठेवलं.

त्या संध्याकाळी तो नदीपल्याड दिसेनासा होईपर्यंत गोजर गोठ्याशी उभी होती. मेंढरं मोजायची म्हणून उभी होती, असं तिनं मायला सांगितलं. मायनं विचारलं, किती भरली? गोजरला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडून साफ करायचं होतं. मल्हारी येऊ शकणार नव्हता. गोजर एकटीच चरख्याशी बसली. माय समोर लोकर पिंजत होती.

आता त्यांच्या घराण्यातली एक रीत सांगायला हवी. बाजारात विकायच्या घोंगडीचं सूत उजव्या फेरानं कातायचं. पण घरच्या माणसाच्या अंगावर जायची घोंगडी असेल, नवऱ्याची, लेकराची, तर तिचं सूत डाव्या फेराचं. त्याला नजर लागत नाही, ते माणूस दूर गेलं तरी घराकडं वळतं, असं म्हातारी माणसं सांगायची. खरं-खोटं कोणी तपासलं नव्हतं. पण कोणी मोडलंही नव्हतं.

गोजरनं तारेचं टोक चौकटीला लावलं. चाकावर हात ठेवला. क्षणभर थांबली... आणि चाक डावीकडं फिरवलं.

सत्यभामाबाईचे हात थांबले. पिंजणाचा आवाज बंद झाला, तसं ओसरीवर नुसतं चाक ऐकू येऊ लागलं.

"गोजर."

"हं?"

मायनं पिंजण पुन्हा उचललं. "काही न्हाई. दाणे नीट मोज."

पंचाहत्तर दाणे. एकही फेर चुकला नाही, तार कुठं तुटली नाही. वर कागद, त्यावर पातळ मेण. असं देखणं काम झालं, की मल्हारी घ्यायला आला तेव्हा त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, नवं जन्मलेलं कोकरू उचलावं तसं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. जिनिंगचं इंजिन धुऊन पुसून, झेंडूचे हार घालून नवरदेव झालं होतं. मल्हारीनं पुंजाजीच्या घराला बोलावणं धाडलं होतं. पुंजाजीनं मेंढरं जिनिंगच्या मागं नदीकाठी काढलेल्या मुगाच्या रानात घातली आणि म्हणाला, मी बघतो ह्यांच्याकडं, तुमी मायलेकी जाऊन या.

त्या दोघी इंजिनघरात शिरल्या तेव्हा मल्हारी मशीनसमोर मांडी घालून बसला होता. व्हॉल्व पेटले होते, लालसर, सुरेख. बाहेर आवारात बांबूवर भोंगा बांधलेला. आणि त्या भोंग्यातून... डास गुणगुणावा तेवढा आवाज.

"असंच बोलतं व्हय हे?" गोजरनं हळूच विचारलं.

मल्हारीनं वर पाहिलं. तोंडावरचं रक्त गेलेलं. "कालपासून हेच. समदं तपासलं. व्हॉल्व चांगले, भोंगा चांगला. तार आत तुटलेली न्हाई, दिवा लावून पाहिलं."

"मग?"

"दोन अर्धे केले ना आपण? ते बैलजोडीवाणी असतात. दोघांनी एका दिशेला वढलं तर गाडी चालते. हे एकमेकाच्या उलटं वढून राहिले. एक म्होरं, एक मागं. गाडी जागच्या जागी." त्यानं कपाळ पुसलं. "पण असं व्हायला एक अर्धा उलट्या फेराचा पाहिजे. अन् तुझा चरखा तर मी डोळ्यांनी पाहिला, उजवाच फिरतो. म्हंजे आत दुसरंच काही तरी बिघडलंय. फोडून बघतो."

त्यानं चाकू उचलला. शेठजी घटकाभरात येणार होते. मेणावर चाकूचं पातं टेकलं. आतली तार केसाची. पातं जरा जास्त गेलं की पंचाहत्तर विसांचा चुरा, आणि दुसरी तार मुलखात नव्हती.

गोजर एक पाऊल पुढे आली. नजर लागू नये म्हणून केलं आणि नजर तिनंच लावली होती. सांगावं तर का फिरवलं तेही सांगावं लागणार. पोरीच्या जातीनं आपण होऊन! न सांगावं तर एकादशीची गाडी...

"थांबा!"

चाकू थांबला.

"दुसरा अर्धा मी डाव्या फेरानं गुंडाळला."

"काय?"

"तुमी नव्हता त्या दिवशी. चाक उलटं फिरवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"काहून?"

गोजर जमिनीकडे बघू लागली. दारात सत्यभामाबाई उभी होती. तिनं इंजिनाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हार सैल बांधलाय कोणी? मी जरा दोरी बघून आणते." आणि निघून गेली. हार चांगला घट्ट होता.

"काहून गोजर?" मल्हारीनं पुन्हा विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"आमच्यात... बाजाराचं सूत उजव्या फेराचं असतं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "अन् घरच्या माणसाचं डाव्या. नजर लागू नये म्हनून. दूर गेलं तर माघारी वळावं म्हनून. तुमच्यात न्हाई अशी रीत?"

"असंल. माझी माय असती तर ठावं असतं." तो तिच्याकडे बघत राहिला. मग तो बाजारातला डोळा बारीक होऊ लागला. "म्हंजे ट्रान्सफॉर्मर तुमच्या घरचा माणूस झाला?"

"ट्रान्सफॉर्मर न्हाई..."

"मग कोण?"

"इतक्या बारीक तारा कळतात, अन् येवढं कळत न्हाई?" गोजरचे डोळे भरून आले. "म्या समदं वाटोळं केलं ना तुमचं?"

मल्हारीनं चाकू दूर सरकवला. मग हसला, मोठ्यानं, इंजिनघर घुमेल एवढा.

"अगं, वाटोळं कशाचं? ज्या अर्ध्याचा फेर उलटा, त्याची दोन टोकं उलटी जोडायची. झालं! बैल वळवला की गाडी चालली."

"येवढंच?"

"येवढंच. आत हात लावायचा न्हाई. तो डावा फेर तसाच राहणार." त्यानं डाव्या फेराच्या अर्ध्यावर बोट ठेवलं. "जन्मभर राहणार. म्हंजे... तुझी हरकत नसंल तर."

"हरकत असती तर उजवा फिरवला असता," गोजर म्हणाली, आणि मग मात्र तिला तिथं उभं राहवेना. ती वळली, तो दारात गोपीचंद शेठ उभे.

शेठजी जाडजूड, कपाळाला कुंकू, हातात प्रसादाचं ताट. "क्यों मल्हारी? हो गया तयार?"

"दोन मिनटं, शेठजी!"

इस्त्रीसारखी तापवलेली सळई, कथलाचा ठिपका, धुराची एक रेघ. दोन टोकं सुटली, दोन टोकं जुळली. मल्हारीनं मशीनवर हात ठेवला आणि टेलिफोनच्या मोडीतून बनवलेला बोलायचा डबा गोजरच्या हातात दिला. त्याला लांब वायर होती.

"बाहेर भोंग्यापासून दूर उभी राहा अन् बोल. मला मशीनपाशी थांबायला लागंल."

"मी? काय बोलू?"

"काही बी! तुझं रोजचं."

गोजर आवारात आली. पूजेला आलेले मजूर, बाया, बैलगाडीवाले, सगळे तिच्याकडेच बघत होते. शेठजी हाताची घडी घालून उभे. रामलीलेतलं तिला एक वाक्य येत नव्हतं. मोठ्या आवाजात ती जन्मात एकाच कामासाठी बोलली होती... तिनं डोळे मिटले आणि दिली हाळी:

"हिर्रर्र... होऽ होऽ! या गं बायांनो, याऽ या!"

भोंगा बोलला. डास नाही, रांजण नाही. गोजर बोलली. "हिर्रर्र"मधली जिभेची थरथर, "या गं" म्हणतानाचं लाडिक वळण, आणि त्याच्या आधी घेतलेला श्वास... तो श्वाससुद्धा. इंजिनघराच्या दारात मल्हारी कानामागे हात धरून उभा राहिला.

"आवाज तो बडा है," शेठजी मान तिरकी करून म्हणाले. "पण खरा है का? ती पोरगी समोर उभी आहे म्हणून तिचा वाटतो. पडद्याआडून आला तर कोणाचा ते कळेल का?"

मल्हारी पुन्हा मशीनकडे वळला. तेवढ्यात कुठून तरी गलका ऐकू आला.

आधी नदीच्या बाजूला धूळ उठली. मग बें-बें. मग "अगंऽ ए! कुठं चालल्या! अगं, मेल्यांनो!" असा माणसाचा ओरडा. आणि फाटकातून, तीन-चार विसा मेंढरं, अंगावर अंग टाकत, लोंढ्यासारखी आत घुसली. प्रसादाचं ताट उडालं. बाया गाड्यांवर चढल्या. मेंढरं थेट बांबूपाशी गेली, भोंग्याखाली दाटी करून उभी राहिली आणि माना वर करून बघू लागली, की गोजर वर जाऊन बसली तरी कशी.

मागून पुंजाजी आला. पटका गळ्यात, एका पायात जोडा.

"गोजर! तू हितं, अन् तुझा आवाज रानात कसा? म्या आडवा झालो, काठी टाकली, माझं एकीनं ऐकलं न्हाई!"

"ऐसे किसी के भी आवाज को आती हैं क्या ये?" शेठजींनी धुळीतून लाडू वेचता वेचता विचारलं.

"कोणाच्या बी?" पुंजाजीला राग आला. "शेठजी, मेंढरू हाय ते, माणूस न्हाई फसायला! सख्खी माय जरी दुसऱ्या आवाजात बोलली तरी कान हलवणार न्हाई. ह्या गोजरचा आवाज ओळखतात, म्हनून आल्या."

शेठजींनी मेंढरांकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं. आणि त्यांचं पोट हलू लागलं. ते इतके हसले, की मुनीमजीला त्यांना धरावं लागलं.

"बस्स! इम्तिहान हो गया! मेंढरांनी पास केलं, मी कोण नापास करणारा? मल्हारी, उद्याची रामलीला तुझी. अन् बारा महिने इथंच राहायचं, समझा?"

मल्हारीनं खिशातलं हैद्राबादचं पत्र काढलं. फाडायची गरज पडली नाही. एका मेंढीनं मान लांबवली आणि कोपरा तोडून चघळायला सुरुवात केली. मग तो मेंढरांतून वाट काढत पुंजाजीपाशी आला.

"मामा, एक बोलायचं होतं."

"आधी ही मेंढरं बाहेर काढ, मग बोल."

"त्याला काय बोलायचं ते मी सांगते," सत्यभामाबाई मध्ये आली. हातात अजून ती नको असलेली दोरी. "तुमच्या लेकीनं ह्याच्यासाठी डावा फेर घेतलाय."

पुंजाजी उभा राहिला तसाच राहिला. "कवा?"

"भादव्यात."

"अन् मला आत्ता सांगून राहिली?"

"तुमी कवा इचारलं?"

पुंजाजीनं लेकीकडे पाहिलं. गोजर एका कोकराच्या कानामागे खाजवत होती, जणू आज त्या कोकरावाचून जगात कोणाचं काही अडलेलंच नव्हतं. बापानं गळ्यातला पटका सोडला, झटकला आणि पुन्हा डोक्याला बांधला, सावकाश, नीट, चारचौघांत बसायला जाताना बांधतात तसा.

"पुसेगावच्या भावकीला सांगावा धाडावा लागंल," तो म्हणाला. "कार्तिकात बसू. तुळशीचं लग्न झालं की." मग मल्हारीकडे वळून, जरा खेकसून, "पण घरात यायचं तर आधी कळप हाकायला शिक. बापजाद्याचं विसरलास ते."

मल्हारीनं मान डोलावली. गोजर फाटकाकडे निघाली होती. हाळी न देताच मेंढरं तिच्यामागे वळायला लागली, पांढऱ्या-काळ्या पाठींचा एक लांब ओघ. मल्हारी मागं धावला.

"माझं ऐकतील ह्या?"

"आज न्हाई ऐकायच्या," गोजर मागं न बघता म्हणाली. "आवाज ओळखीचा व्हावा लागतो. रोज हाळी द्यावी लागंल."

"किती दिवस?"

"मन लावून दिली तर... कार्तिकापर्यंत."

मल्हारीनं भोंग्याकडे पाठ केली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि आपल्याच गळ्यानं, जराशी फाटकी, जराशी चुकलेली हाळी दिली.

एका मेंढीनं मान वळवली नाही.

गोजरनं वळवली.